रामनगरचे पाहुणे



लग्नसराई सुरू झाली की या मालिकेच्या प्रेक्षकांकडून एका ठरावीक प्रकारचे प्रश्न येऊ लागतात. कुणी इंदूरहून विचारतं, कुणी नागपूरहून, कुणी बडोद्याहून. मुलाची किंवा भाचीची सोयरीक बनारसकडे जुळलेली असते आणि कार्यालय निघतं रामनगरला. मग प्रश्न येतो, "सर, दोन दिवस हाताशी आहेत. वऱ्हाडी मंडळींनी काय पाहावं, काय खावं?"

बहुतेक वऱ्हाडी काय करतात ते मी पाहिलं आहे. ते रामनगरला फक्त झोपायला येतात. सकाळी उठून रिक्षा पकडायची, पूल ओलांडायचा, विश्वनाथाचं दर्शन, संध्याकाळी दशाश्वमेधची आरती, बनारसी साडी, आणि परत. त्यात चूक काही नाही. पण ज्या तीरावर आपण उतरलो, त्या तीरानेच काशीचा निम्मा इतिहास पाहिलेला आहे, आणि त्यात आपला मराठी माणूस चांगलाच गुंतलेला आहे. म्हणून आजचा भाग रामनगरवर. पाहण्याखाण्याचं सगळं सांगतो, पण इतिहासाच्या हाताला धरून. या गावाच्या इतिहासात एकच विषय पुन्हा पुन्हा येतो: पाहुणा कसा असावा आणि यजमान कसा असावा. लग्नाला जाणाऱ्यांनी तो ऐकायलाच हवा.

आधी जागा समजून घ्या

कोणत्याही मोहिमेआधी नकाशा. गंगा काशीजवळ उत्तरेकडे वळते. त्यामुळे शहर आणि सगळे प्रसिद्ध घाट पश्चिम तीरावर, आणि रामनगर पूर्व तीरावर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला. रामनगर आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे जुनं मुगलसराय, नदीच्या एकाच बाजूला आहेत. तुमची गाडी तिथे थांबत असेल तर तिथेच उतरा, नदी ओलांडायची गरज नाही. विमानतळ मात्र बाबतपूरला, शहराच्या पार पलीकडे. विमानानं येणाऱ्यांनी गर्दीचा वेळ धरून चालावं.

पूर्वी हिवाळ्या-उन्हाळ्यात रामनगरला पीपे का पूल असायचा, तरंगत्या पिंपांवर टाकलेला. पावसाळा आला की तो काढून ठेवत. आता सामने घाटाजवळ पक्का पूल आहे आणि तो ओलांडला की तुम्ही बीएचयूच्या, म्हणजे काशी हिंदू विद्यापीठाच्या परिसरात पोचता. 1916 मध्ये पायाभरणी झालेल्या या विद्यापीठाला जमीन दिली ती रामनगरच्याच राजानं, प्रभुनारायण सिंहांनी.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडे लग्न दुपारचं किंवा गोरज मुहूर्तावरचं. तिकडे वरात रात्री निघते, जयमाला होते, पाहुणे जेवतात आणि खरा विवाहविधी मध्यरात्रीनंतर कधीतरी. पाठवणी पहाटे. याचा अर्थ असा की लग्नाचा अख्खा दिवस वऱ्हाड्यांना मोकळा असतो. तो कार्यालयाच्या गादीवर पत्ते खेळत घालवू नका.

काशीनं घालवलेला पहिला पाहुणा

रामनगरला व्यासकाशी म्हणतात. काशीखंडातली कथा अशी की व्यासांना काशीत भिक्षा मिळेना. भुकेल्या व्यासांनी संतापून काशीला शाप दिला आणि शंकरानं त्यांना नगराबाहेर काढलं. व्यास गंगेपार जाऊन राहिले, समोर काशी दिसत राहील अशा जागी. रामनगरच्या किल्ल्यात नदीच्या अंगाला व्यासांचं मंदिर आहे, आणि माघ महिन्यात काशीचे लोक मुद्दाम नदी ओलांडून त्या दर्शनाला येतात.

याच कथेला एक मिश्किल शेपूट आहे. काशीत मरण आलं तर मोक्ष, आणि पलीकडच्या तीरावर मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा, असं बनारसी लोक सांगतात. रामनगरकर हे हसून ऐकतात आणि तुम्हाला लस्सी पाजतात. मला मात्र या कथेत एक गंभीर गोष्ट दिसते. उपाशी पाहुण्याला परत पाठवणं हा यजमानाचा दोष आणि रागाच्या भरात घराला शाप देणं हा पाहुण्याचा दोष. कथेनं दोन्ही बाजूंची नोंद ठेवली आहे.

किल्ला

काशीच्या राजांचं मूळ ठाणं गंगापूरला. बलवंत सिंहानं 1750 च्या सुमारास चुनारच्या फिकट पिवळ्या वालुकाश्मात हा किल्ला बांधला आणि गादी इथे आणली. दिल्लीची सत्ता खिळखिळी झालेली, अवधचा नवाब डोक्यावर बसलेला, अशा काळात नदीचा खंदक मधे ठेवून राहणं हा सरळ लष्करी विचार होता. शत्रू शहराच्या बाजूनं आला तर त्याला गंगा ओलांडावी लागणार.

आत संग्रहालय आहे. जुन्या मोटारी, पालख्या, हत्तींचे हौदे, हस्तिदंती काम, तलवारी-बंदुका, आणि तिथी व चंद्रकला दाखवणारं एक खगोलीय घड्याळ. मांडणी फार नीटनेटकी नाही, धूळही असते, पण वस्तू अस्सल आहेत. किल्ल्याचा काही भाग राजघराण्याच्या निवासाचा आहे, तिकडे जायचं नाही. संग्रहालय दिवसाच उघडं असतं, निघण्याआधी वेळ विचारून घ्या. मग व्यासमंदिराकडे आणि नदीकडे उतरा. शक्य असेल तर संध्याकाळी. काशीचा सूर्योदय सगळे पाहतात, पण काशीच्या मागे मावळणारा सूर्य रामनगरहूनच दिसतो.

वेळ असेल तर गावातलं दुर्गामंदिर आणि त्याच्याजवळचा मोठा तलाव पाहा. चेतसिंहाच्या नावाशी जोडलेलं हे मंदिर दगडी कोरीवकामासाठी ओळखलं जातं, आणि वऱ्हाडी तिथे क्वचितच पोचतात. आता याच चेतसिंहाची गोष्ट.

1781 चा वाईट पाहुणा

बलवंत सिंह 1770 मध्ये वारला आणि चेतसिंह गादीवर आला. 1775 मध्ये अवधच्या नवाबानं बनारसवरचा हक्क कंपनीला देऊन टाकला. चेतसिंहानं कंपनीला वर्षाला साडेबावीस लाख रुपये द्यायचे, एवढं ठरलं. पण 1778 मध्ये फ्रेंचांशी युद्ध पेटलं आणि वॉरन हेस्टिंग्जनं वर्षाला आणखी 5 लाखांची मागणी केली. पुढे घोडदळही मागितलं.

कंपनीचा खजिना का आटला होता, हे मराठी माणसानं लक्षात घ्यावं. 1775 पासून कंपनी आपल्याशी लढत होती. जानेवारी 1779 मध्ये वडगावला महादजी शिंद्यांनी आणि पुणे दरबाराच्या फौजेनं इंग्रजांना नाक घासायला लावलं. त्या युद्धाचा खर्च फुगत चालला होता. वडगावच्या माळावर जे घडलं त्याची झळ रामनगरच्या तिजोरीला बसली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

1781 च्या ऑगस्टमध्ये हेस्टिंग्ज स्वतः बनारसला निघाला. चेतसिंह त्याला सामोरा गेला तो थेट बक्सरपर्यंत. यजमान म्हणून जे करायचं ते केलंच, वर आपली पगडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. आपल्याकडे पगडी दुसऱ्यापुढे ठेवणं म्हणजे काय हे सांगायला नको. हेस्टिंग्जवर काही परिणाम झाला नाही. राजाकडून 40-50 लाख दंड काढायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. बनारसला पोचल्यावर त्यानं भेट नाकारली, आणि 16 ऑगस्टला शिवाल्याच्या वाड्यात राजाला कैद करायला शिपायांच्या दोन कंपन्या पाठवल्या.

आता सैनिक म्हणून सांगतो. त्या शिपायांकडे दारूगोळाच दिलेला नव्हता. राजाला कैद केल्याची बातमी नदीपार गेली आणि रामनगरहून हत्यारबंद लोक नावांमधून शिवाल्याला उतरू लागले. वाड्याला वेढा पडला. कंपनीचे तीन अधिकारी आणि बहुतेक शिपाई मारले गेले. गोंधळात चेतसिंह नदीकडच्या खिडकीतून, पगड्या एकमेकींना बांधून केलेल्या दोरावरून खाली उतरला आणि नावेतून रामनगरला पोचला. काही दिवसांपूर्वी मांडीवर ठेवून फुकट गेलेली पगडी अशी कामी आली.

चार दिवसांनी, 20 ऑगस्टला, कॅप्टन मेयाफर नावाच्या अधिकाऱ्यानं कुमकेची वाट न पाहता रामनगरवर हल्ला केला. गावाच्या अरुंद गल्ल्यांत त्याची तुकडी शिरली आणि घराघरांतून गोळीबार सुरू झाला. तो स्वतः मेला, बरोबरचा कॅप्टन डॉक्सॅटही मेला. वस्तीतली लढाई हा आम्हा पायदळवाल्यांच्या शिक्षणातला वेगळा धडा असतो, आणि त्याचं पहिलं वाक्य असतं: गल्लीत घाईनं शिरू नका. किल्ल्यापासून बाजारात चालत जाताना दोन्ही बाजूंची घरं बघा, म्हणजे हे वाक्य डोळ्यांना कळेल.

21 ऑगस्टच्या रात्री हेस्टिंग्ज चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. बनारसमध्ये आजही लोक हसत सांगतात की घाई एवढी झाली, हौदा घोड्यावर चढवला आणि खोगीर हत्तीवर.

ग्वाल्हेरचा यजमान

हसू फार काळ टिकलं नाही. मेजर पॉपहॅम फौज घेऊन आला. हा तोच पॉपहॅम, ज्यानं आदल्या वर्षी, ऑगस्ट 1780 मध्ये, रात्री कडा चढून ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला होता. महिन्याभरात चेतसिंहाचा मुलूख गेला. नोव्हेंबरात विजयगडही पडला. गादीवर त्याचा भाचा महीपनारायण बसवला गेला आणि कंपनीला द्यायची रक्कम 40 लाखांवर गेली.

चेतसिंह कुठे गेला? महादजी शिंद्यांकडे. महादजींनी त्याला आश्रय दिला, जहागीर दिली. 1782 च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला, कंपनीशी महादजींचे संबंध नव्यानं बांधले जात होते, तरी या पाहुण्याला त्यांनी परत दिलं नाही. चेतसिंह पुन्हा काशीत आला नाही. 1810 मध्ये तो ग्वाल्हेरला वारला. हेस्टिंग्जवर पुढे ब्रिटिश पार्लमेंटात महाभियोग चालला, त्यात चेतसिंहाला दिलेली वागणूक हा एक मोठा आरोप होता. 1795 मध्ये तो निर्दोष सुटला, पण बनारसच्या लोकांनी त्याला अजून सोडलेलं नाही.

ग्वाल्हेरकर प्रेक्षकांना मी मुद्दाम सांगतो. तुमच्या घरची सून किंवा जावई रामनगरचा असेल, तर हा संबंध दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे, असं मांडवात बेधडक सांगा.

नावेतून आपले घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव करा. भाडं आधी ठरवा. पावसाळ्यात गंगा चढली की नावा बंद असतात. रामनगरहून प्रवाहाबरोबर निघालात की अस्सी आणि तुलसी घाट लागतात. अस्सीजवळच्या भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीआप्पा राज्य गेल्यावर काशीत येऊन राहिले होते. मोरोपंत तांबे त्यांच्या पदरी होते, म्हणून मनकर्णिकेचा जन्म इथला. पुढे चेतसिंह घाट येईल, नावाड्याला जरा थांबायला सांगा आणि तटावरच्या खिडक्या बघा.

त्यानंतर आपली नावं एकामागून एक येऊ लागतात. अहिल्याबाई घाट. बाळाजी बाजीरावांनी 1748 मध्ये बांधलेला दशाश्वमेध. त्याच्या मागे विश्वनाथाचं मंदिर, जे अहिल्याबाईंनी 1780 मध्ये उभं केलं. मणिकर्णिकेच्या पुढे बायजाबाईंचा शिंदे घाट, मग नागपूरकरांचा भोसले घाट. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. या शेवटच्या घाटांच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहत आली.

ही यादी वाचताना आपली छाती फुगते. फुगू द्या, पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचा. एकनाथांनी भागवतावरची टीका पैठणला सुरू केली आणि 1573 मध्ये पूर्ण केली ती काशीत. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी 1674 मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे, आणि त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. 1818 नंतर राज्य गेलेले, पेन्शनीवर जगणारे, आधार तुटलेले आपले कितीतरी लोक या शहरानं सामावून घेतले. त्यांची मुलं इथलीच झाली. 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर 1883 मध्ये काशीत जन्मले, मराठी घरात. आपण घाट बांधले हे खरं, आणि काशीनं आपली माणसं सांभाळली हेही तेवढंच खरं. दगडावर नाव कोरता येतं. सांभाळलेल्या माणसांची पाटी कुठेच लागत नाही.

शास्त्रीजींचं घर आणि गावभर रामायण

रामनगरमध्ये लालबहादूर शास्त्रींचं घर आहे, आता ते स्मारक आहे. जन्म 1904 चा, मुगलसरायचा. घर पाहून माणूस गप्प होतो, इतकं साधं. मुलांना घेऊन जा. 1965 च्या युद्धात ते पंतप्रधान होते आणि संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. रामनगर आणि कराड, दोन्हीकडच्या गरिबीतून वर आलेली माणसं. फौजेत माझ्या पिढीनं ज्या वरिष्ठांच्या हाताखाली शिकलं, त्यांनी ते युद्ध पाहिलं होतं. ते या दोघांबद्दल आदरानं बोलत.

रामनगरची रामलीला सर्वांनी ऐकलेली असते. अनंत चतुर्दशीला सुरू होऊन 31 दिवस चालते. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत, मशाली आणि पेट्रोमॅक्स. रंगमंच म्हणजे अख्खं गाव. अयोध्या एका जागी, जनकपूर दुसरीकडे, लंका आणखी लांब, आणि प्रेक्षक पात्रांबरोबर चालत जातात. ती चातुर्मासात येते, त्यामुळे लग्नाच्या पाहुण्यांना बघायला मिळत नाही. पण जागा वर्षभर तिथेच आहेत. नाशिककरांनी इथली पंचवटी शोधावी. आणि ज्या गावात दरवर्षी सीतास्वयंवर होतं, त्या गावच्या जनकपुरात नव्या जोडप्याचा एक फोटो घ्यायला हरकत नाही.

खाण्याचं

बनारसची सकाळ कचौडी-भाजी आणि जिलबीची. लवकर जा, उशिरा गेलात तर कढई पालथी दिसेल. दुपारी किल्ल्याजवळच्या बाजारात लस्सी. मातीच्या कुल्हडमध्ये, वर सायीचा जाड थर. पिऊन झाल्यावर लगेच जेवायचा विचार करू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्न असेल तर मलइयो खाल्ल्याशिवाय परतू नका. दूध रात्री दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि केशर-वेलचीचा तो फेस कुल्हडमध्ये भरतात. ऊन चढलं की तो बसतो, म्हणून सकाळीच. त्याच दिवसांत चूडा-मटर मिळतो. आपल्या पोह्यांचा हा चुलतभाऊ, तुपातला आणि ताज्या मटारांचा. जूनमधल्या लग्नाला लंगडा आंबा. कोकणातल्या मंडळींनी तुलना न करता खावा, ही विनंती.

रामनगरची स्वतःची वस्तू म्हणजे भंटा, म्हणजे मोठं गोल वांगं. 2023 मध्ये रामनगर भंट्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो भाजून त्याचा चोखा करतात आणि बाटीबरोबर खातात. चोखा म्हणजे मोहरीच्या तेलातलं भरीत. जळगावच्या भरीताच्या वांग्याला हे मानांकन 2016 मध्येच मिळालेलं आहे. त्यामुळे खानदेशची वरात रामनगरला गेली, तर एक सामना होऊनच जाऊ द्या.

आणि शेवटी पान. जेवण झाल्याशिवाय नाही, आणि तोंडात असताना बोलू नये.

खिचडी आणि भात

जेवणातली एक रीत समजून घ्या. तिकडे पक्कं आणि कच्चं असा जुना भेद आहे. तुपात-तेलात तळलेलं ते पक्कं: पुरी, कचौडी. पाण्यात शिजवलेलं ते कच्चं: वरण, भात, कढी. वरातीला, परक्या पाहुण्यांना पक्कं वाढायचं. कच्चं वाढायचं ते आपल्या माणसांना. लग्नानंतर नवरदेवापुढे खिचडी ठेवतात आणि तो रुसून बसतो, मागेल ते मिळेपर्यंत हात लावत नाही. हा गमतीचा भाग. पण जुन्या रीतीत व्याह्यांच्या घरी बसून भात खाल्ला म्हणजे नातं पक्कं झालं.

आपली मंडळी कधीकधी इथे चुकतात. रात्रीच्या झगमगाटातल्या चाळीस पदार्थांचं कौतुक करतात, आणि दुसऱ्या दिवशी घरातून साध्या वरण-भाताचं बोलावणं आलं की "आम्हाला विश्वनाथाला जायचंय" म्हणून निघतात. असं करू नका. त्या भाताचं बोलावणं म्हणजे तुम्ही आता पाहुणे राहिला नाहीत, असं सांगणं आहे. विश्वनाथाचं दर्शन पहाटे उरकता येतं.

पगडी पुढे ठेवणाऱ्या यजमानाला कैद करणारा पाहुणा या गावानं पाहिला आहे. राज्य गमावलेल्या पाहुण्याला घर देणारा यजमान आपल्या मुलखात होता. या दोन्हींतलं आपण कोण व्हायचं, ते मांडवात पाऊल टाकताना ठरवायचं. तेव्हा किल्ला बघा, नाव करा, लस्सी प्या, आणि व्याह्यांकडे मांडी घालून भात खा.

पुढच्या भागात चुनारच्या किल्ल्यावर जाऊ. तोवर, जय हिंद.